मीटर खाली आणल्याची नोंद

वरची खोली भाड्याने द्यायची ठरवली तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकाने आधी नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारलं. ही एकटीच अशी निघाली की तिने खिडकी उघडली, बोट जिभेला लावून ओलं केलं, बाहेर धरलं आणि म्हणाली, "काकू, पश्चिमेकडून काही अडवत नाही ना इथं?"

"काय अडवायचंय?" मी विचारलं.

"वारा."

माझी नणंद जिन्यात उभी राहून ऐकत होती. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. ती मला वहिनी म्हणते, मी तिला ताई, आणि दिवसातून चारदा आमचं वाजतं. ती तिथूनच म्हणाली, "वहिनी, हिला देऊ नकोस. हिच्या डोक्यातच वारं शिरलंय."

मी खोली दिली. त्या दिवशीच्या डायरीत लिहिलं आहे : "वरची खोली दिली. बाई वाऱ्याची मोजणी करते. वय एक्केचाळीस. सामान एक ट्रंक, एक दोरखंड, हातोडी-पान्यांची पिशवी. कपबशी एकही नाही."

कपबशी का नाही ते आठवड्याभरात कळलं. तिच्या हातात काच टिकत नसे. उंच खांबावर चढून वारा मोजणारे फिरते पेले नाजूकपणे बदलणारी ही बाई आमच्या ओट्याशी आली की काहीतरी फुटलंच म्हणून समजा. पहिल्या महिन्यात तीन कप आणि एक बरणी. शेवटी ताईने तिला स्टीलचा पेला दिला आणि नावही दिलं, वारेबाई. तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं. तिलाही आवडलं असावं, कारण फोनवर ती आईला सांगताना मी ऐकलं, "अगं, इथं मला आडनाव मिळालंय."

ती चाले किंचित पुढे झुकून, समोरून वारा असल्यासारखी. ओठ कायम फुटलेले, केसांवर दोन रुमाल. वारा पडला असं ती कधी म्हणायची नाही. "आज मागे राहिलाय" म्हणायची, जशी शाळेतून घरी येणारी एखादी पोर वाटेत रेंगाळावी. तिचे वडील गवंडी होते, आणि उंचीची भीती लहानपणीच परातीत घालून बांधकामाच्या परांचीवरून खाली फेकली असं ती सांगे. लग्न केलं नव्हतं. आई रोज संध्याकाळी फोनवर विचारी, "खाली कधी उतरणार?" आणि ही रोज म्हणे, "उतरलेय गं, जेवतेय."

तिचं काम मला समजायला वेळ लागला, कारण मला वाटायचं वारा म्हणजे वारा, तो काय मोजायचा. गावाच्या मागे दोन टेकड्या आहेत. उंच ती थोरली, बुटकी आणि लांबट ती धाकटी. यातल्या एका टेकडीवर पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या, आणि कोणत्या, ते हिच्या मोजणीवर ठरणार होतं. कंपनीकडे खांब एकच, साठ मीटर उंच, चारी बाजूंनी तारांनी ताणलेला. त्याच्यावर वेगवेगळ्या उंचीला गरगर फिरणारे पेले आणि दिशा दाखवणारं पातं. पहिलं वर्ष तो थोरलीवर होता, दुसरं वर्ष धाकटीवर. ही आठवड्यातून दोनदा वर जायची, तारांवर पान्याची मूठ हलकेच आपटून कान लावायची आणि आवाजावरून ताण ओळखायची. एकदा मला म्हणाली, "काकू, उत्तरेची तार बेसूर झालीय," आणि डबा अर्धा टाकून पळाली.

दोन वर्षांचे आकडे आले. थोरलीवर वाऱ्याचा वेग सरासरी सेकंदाला सात पॉइंट एक मीटर, धाकटीवर सहा पॉइंट आठ.

"मग थोरली जिंकली," ताई म्हणाली. "एवढं साधं आहे तर दोन वर्षं काय टेकड्यांवर गुरं राखलीस?"

"आत्याबाई, दोन पोरी वेगवेगळ्या वर्षी परीक्षेला बसल्या. एकीला एकाहत्तर, एकीला अडुसष्ट. हुशार कोण?"

"एकाहत्तरवाली."

"पण तिच्या वर्षी पेपर सोपा असेल तर?"

ताई गप्प झाली. हे मी डायरीत लिहून ठेवलं आहे, कारण असं क्वचित घडतं.

पेपर कोणत्या वर्षी सोपा होता ते सांगणारा साक्षीदार एकच होता, पंपहाउसची वही. तलावाचं पाणी किती उडून जातं याचा अंदाज यावा म्हणून पंपहाउसच्या गच्चीवर फार वर्षांपूर्वी वाऱ्याचा मीटर बसवला होता. रोज सकाळी सातला त्याचा आकडा वहीत उतरवायचा. पस्तीस वर्षांची ती वही, आणि त्यातली पहिली सव्वीस वर्षं माझ्या नवऱ्याच्या हातची. यांच्यामागे पंपचालक वाचतो.

वारेबाईला हे आमच्या घरी आल्यावर कळलं तेव्हा ती यांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली होती. नमस्कार वगैरे काही केला नाही. "सव्वीस वर्षं सकाळी सात," एवढंच म्हणाली, एका कारागिराने दुसऱ्याला म्हणावं तसं. मला ते नमस्काराहून मोठं वाटलं.

वहीप्रमाणे थोरलीचं वर्ष भरपूर वाऱ्याचं होतं, धाकटीचं पडेल. म्हणजे खरी हुशार धाकटी. तिने तसं लिहून, वहीची प्रत जोडून वर पाठवलं.

पंधरा दिवसांनी ती दुपारीच घरी आली. चहा घेतला नाही. पेला ओट्यावर अलगद ठेवला, आणि अलगद ठेवला म्हणूनच ताईला संशय आला.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"काही नाही तर आवाज का नाही आला? बोल."

बऱ्याच आढ्यावेढ्यांनी ती बोलली. मुख्य कचेरीत वही तपासली गेली होती. पहिली दहा वर्षं ठीक, पण अकराव्या वर्षी वारा एकदम सहाव्या हिश्श्याने कमी झाला आणि पुन्हा कधी वर आलाच नाही. वारा असा एका दिवसात म्हातारा होत नाही. साहेबांनी शेरा मारला होता : वाचणाऱ्याने खुर्चीत बसून अंदाजे आकडे भरले. वही बाद. थोरली घ्या.

"खुर्चीत बसून?" ताईचा आवाज चढला. "आमचा दादा? सात म्हणजे सहा पंचावन्नला हजर असायचा तो! तुझ्या साहेबाला आण इकडे, मी बसवते खुर्चीत."

"आत्याबाई, मी हेच सांगितलं. ते म्हणाले, पुरावा दाखव. महिन्याची मुदत आहे."

मी मात्र अकराव्या वर्षापाशीच अडकले होते.

ते वर्ष मला डायरी न उघडताही ठाऊक होतं. त्या वर्षी यांच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी अकरा आठवडे अंथरूण सांगितलं. मीटर गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीवर होता, चौदा पायऱ्यांची उभी शिडी चढून वाचावा लागे. आजाराचं वर कळलं असतं तर यांना तिथून हलवलं असतं, आणि त्या कामावर यांचा जीव होता. म्हणून अकरा आठवडे ती शिडी मी चढले. पंपहाउसचा फिटर खाली शिडी धरून मान दुसरीकडे वळवून उभा राही. आकडा घेऊन मी वहीत उतरवायची, यांच्या अक्षरात, यांच्या सहीसकट. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी दोन रेघांत घोटून घेतलेलं अक्षर मी अशा कामाला लावलं. ताईलाही कधी सांगितलं नाही. ती तेव्हा तिच्या सासरी होती, आणि यांनी शपथ घातली होती.

आता मला एकच दिसत होतं. वारा बिघडला तो माझ्यामुळे. घरचं आवरून जाताना कधी सातचे आठ व्हायचे, एकदा तर दुपारचे बारा. माझ्या चुकीची शिक्षा यांच्या नावाला.

दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर डायरी जाळून टाकावी असंही मनात आलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. सिस्टर सांगत, चूक खोडू नका, तिच्यावर एकच रेघ मारा, म्हणजे खालची चूक वाचता येईल. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी पत्र्याच्या ट्रंकेतून त्या वर्षाची डायरी काढली आणि दोघींसमोर टेबलावर ठेवली. जे होतं ते सांगितलं.

ताई उठून उभी राहिली. "म्हणजे दादा अंथरुणाला खिळला होता आणि तू मला कळवलं नाहीस?"

"नाही."

"आणि तू शिडी चढत होतीस? तू? तुला स्टुलावर चढून डबा काढता येत नाही!"

"तेव्हा येत होतं, ताई."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. वारेबाईने मात्र माझ्याकडे बघून विचारलं, "काकू, उशीर व्हायचा म्हणून घाबरलात?"

"मग? सातचा आकडा आठला घेतला तर चुकीचाच की."

ती चक्क हसली. "अहो, तो मीटर गाडीच्या किलोमीटरसारखा आहे. वारा जाईल तसा आकडा पुढे सरकतो. तुम्ही बाराला वाचलात तर त्या दिवशी जास्त दिसेल, दुसऱ्या दिवशी तेवढंच कमी. वारा हरवत नाही, नुसता शेजारच्या दिवसात जाऊन बसतो. मला तो दिवस वहीत दिसला होता. म्हटलं, आज काकांना झोप लागलेली दिसतेय."

"त्या रात्री यांना फार त्रास झाला होता," मी म्हटलं. "सकाळभर डॉक्टर होते."

वारेबाईचं हसू मावळलं. तिने माझा हात धरला. तिचे तळवे तारांनी घासून करवतीसारखे झाले होते. ज्या ओझ्याखाली मी चोवीस वर्षं वाकले होते ते या बाईने दोन वाक्यांत उचलून बाजूला ठेवलं. तिला त्याची कल्पनाही नसावी, कारण लगेच ती कामाचं बोलायला लागली. "म्हणजे तुम्ही निर्दोष. पण वहीतला वारा तर कमी झाला. त्या वर्षी आणखी काय बदललं? वाचा ना."

मी वाचू लागले. माझ्या डायरीत शहाणपणाचं काही नसतं. कोण आलं, काय शिजवलं, कपडे किती वाजता वाळले. पण कपड्यांची वेळ आली की ती टेबलावर बोट आपटायची. "चादर शेजारच्या गच्चीवर उडाली" हे ऐकून तर तिने तारीखच टिपून घेतली. आजवर माझ्या वह्यांना घरात सगळे हसत आले. इतकं मन लावून त्या कोणी ऐकल्या नव्हत्या.

मग ते पान आलं. मी ते लिहिलं होतं आणि विसरले होते. माझ्या लेखी ती वाऱ्याची गोष्टच नव्हती.

"तेवीस, गुरुवार. ढगाळ. हे सोमवारपासून कामावर. डॉक्टरांनी शिडी कायमची बंद केली आहे. आज दुपारी फिटरने मीटर खाली आणून गच्चीच्या कठड्याला बसवला, यांच्या छातीइतका. सुपरिंटेंडंट म्हणाले, मी काही पाहिलं नाही. आता यांना चढायला नको. देव त्या दोघांचं भलं करो. फिटरच्या घरी दोन डझन केळी पाठवली."

वारेबाईने डायरी माझ्या हातातून घेतली. ते पान तिने तीनदा वाचलं. मग आपला पेला उचलला, त्यात काही नव्हतं तरी तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"काकू, वारा उंचावर जास्त असतो, जमिनीलगत अडखळतो. कठड्याच्या आडोशाला तर विचारूच नका. वारा नाही पडला. मीटर खाली आला."

"आणि वहीत लिहिलं नाही," ताई खिडकीशीच म्हणाली.

"कसं लिहिणार? लिहिलं असतं तर का आणला हेही लिहावं लागलं असतं."

एका माणसाला शिडी चढावी लागू नये म्हणून दोघांनी गुपचूप केलेला चांगुलपणा, आणि त्याच्यापायी त्याच माणसावर खोटेपणाचा शेरा. फिटर आणि सुपरिंटेंडंट दोघंही आता हयात नाहीत. साक्ष द्यायला उरलं होतं माझं ते चार ओळींचं, केळ्यांसकटचं अक्षर.

दुपारी आम्ही तिघी पंपहाउसवर गेलो. चोवीस वर्षांनी मी ती शिडी पाहिली. मला वाटत होती त्याहून ती पुष्कळ उंच होती. वारेबाई दोन ढांगांत वर पोचली आणि तिथून ओरडली, "चार भोकं आहेत! गंज उतरलाय खाली! हा सूर्य हा जयद्रथ!"

"उतर आधी!" ताई ओरडली. "भोकं कुठे पळून जात नाहीत!"

पण साहेबांना नुसती भोकं पुरली नसती. तिने मुदत वाढवून मागितली, पदरचे वारा मोजायचे जुने पेले त्या जुन्या जागी बसवले, आणि दहा आठवडे वरचा आणि खालचा वारा एकाच वेळी मोजला. या दहा आठवड्यांत तिच्या हातून एकही कप फुटला नाही. ताई म्हणाली, "ही आजारी पडणार." मी मात्र रोज सकाळी सातला घड्याळाकडे बघायची.

आकडा आला. खालच्या मीटरला वरच्याच्या सहा भागांतले पाच भाग वारा लागत होता. वही ज्या दिवसापासून घसरली होती तो दिवस होता तेवीस, गुरुवार. आदल्या दिवसापर्यंत वरचा वारा, दुसऱ्या दिवसापासून खालचा. तेवढा फरक भरून काढल्यावर पस्तीस वर्षं दोरी ताणल्यासारखी सरळ आली. माझे अकरा आठवडेही त्या दोरीतच होते, कुठे गाठ नाही. त्या मापाने थोरलीचं वर्ष नेहमीपेक्षा सहा टक्के वरचं, धाकटीचं सहा टक्के खालचं. म्हणजे थोरली सहा पॉइंट सात, धाकटी सात पॉइंट दोन.

साहेब स्वतः आले. तिशीचा, नीटनेटका, बुटांना टेकडीची माती कधी न लागलेला माणूस. गच्चीवर जाऊन भोकं पाहिली, मग आमच्याकडे डायरी पाहायला आले. ताईने त्यांच्यापुढे मुद्दाम घरातली सर्वांत मोठी खुर्ची सरकवली.

"बसा. आमच्याकडे खुर्चीत बसायची सवय फक्त पाहुण्यांना."

ते बिचारे कानापर्यंत लाल झाले. पान वाचून म्हणाले, "आजी, मी न बघता लिहिलं. माझं चुकलं." आणि उभे राहून यांच्या फोटोला नमस्कार केला. चूक इतक्या सरळ कबूल करणारा माणूस मला वाईट वाटेना. मी त्यांना चहा दिला, ताईने दुसऱ्यांदा दिला.

वही दुरुस्त करायचं काम वारेबाईकडे आलं. ती पंपहाउसमधून मूळ वही घरी घेऊन आली, तेवीस तारखेचं पान उघडलं आणि लाल शाईचं पेन माझ्यापुढे केलं.

"तुम्ही लिहा. अक्षर तुमचं चांगलं आहे."

"नाही," मी म्हटलं. "या वहीत मी दुसऱ्याच्या हाताने पुष्कळ लिहिलंय. तू लिही."

तिने समासात लिहिलं : "या तारखेस मीटर टाकीच्या भिंतीवरून कठड्यावर आणला. कारण : वाचकास शिडी चढण्यास वैद्यकीय मनाई." मग मागची पानं उलटून अकरा आठवड्यांच्या सुरुवातीला थांबली. "काकू, इथं?"

मी ताईकडे पाहिलं. शपथ तिच्या भावाची होती, सोडवायची तर तिनेच.

"लिही गं," ताई म्हणाली. "चढली तर चढली. दादा असता तर त्यानेच लिहिलं असतं, फक्त चार वर्षं विचार करून."

मग वारेबाईने लिहिलं : "येथून अकरा आठवडे वाचन वाचकाच्या पत्नीने केले. आकडे अचूक." यांच्या सहीवर तिने काही खोडलं नाही. एकच बारीक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. सिस्टरांची गोष्ट मी तिला सांगितली होती की नाही ते मला आठवत नाही, आणि डायरीतही नाही.

धाकटीवर आता सात पवनचक्क्या आहेत. वारेबाई दुसऱ्या कुठल्या डोंगरावर, दुसऱ्या कुणाच्या वरच्या खोलीत राहते. जाताना तिने आमच्यासाठी सहा कपांचा संच आणला, त्यातले पाच पोचले. दर रविवारी तिचा फोन येतो.

"काकू, कपडे किती वाजता वाळले?"

"साडेदहाला."

"मग फिरत असतील."

"स्वयंपाकघरातून चार दिसतात. चारही फिरताहेत."

"बाकीच्या तीन?"

"त्या दिसत नाहीत, पण मी धरून चालते."

"असं धरून चालू नये काकू, गच्चीत जाऊन बघा," ती म्हणते, आणि मी खरोखर जाते. मागून ताई ओरडते, "तिला विचार, तिथं किती फोडले!"